पोर्तुगालला गेलात तर एका गावात तीन रात्री राहा

पोर्तुगालचा बेत आखणाऱ्यांना मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. लिस्बन बघा, पोर्तो बघा, पण आठ दिवसांतले तीन दिवस एका लहानशा नदीकाठच्या गावासाठी राखून ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर गाव आहे पोंत द लिमा. पोर्तोच्या उत्तरेला मोटारीनं साधारण तासाभराच्या अंतरावर, लिमा नदीच्या डाव्या तीरावर ते वसलंय. रेल्वे तिथं जात नाही, बस जाते.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती एका सहल कंपनीच्या बसनं. गावासाठी चाळीस मिनिटं दिली होती. पुलावर फोटो, उभ्याउभ्या कॉफी, की चला परत. आमच्यातल्या एक काकू नदीकाठच्या चिनारांच्या रांगेखाली बाकावर टेकल्या होत्या. ‘इतक्या लांब आलो ते इथं बसायलाच ना गं?’ असं त्या मला म्हणाल्या, आणि मी त्यांना हाताला धरून उठवलं. त्याची चुटपुट लागून राहिली. पुढच्या वेळी मी एकटी गेले आणि तीन रात्री राहिले.

पोंत म्हणजे पूल. गावाचं नावच पुलावरून पडलंय. पलीकडच्या तीराजवळच्या काही कमानी रोमन काळातल्या आहेत, बाकीचा पूल मध्ययुगातला. गाड्यांना त्यावर बंदी असल्यामुळे मधोमध निवांत उभं राहता येतं. सकाळी पाठीवर पिशवी आणि हातात काठी घेतलेले लोक भेटतील. ते सांतियागोच्या यात्रेला निघालेले असतात. आपल्या वारकऱ्यांसारखेच पायी चालणारे. पूल ओलांडला की त्यांच्यापुढे लाब्रुजाचा अवघड चढ असतो. ‘बों कामिन्यु’ म्हणा, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’. थकलेला माणूसही हसून मान डोलावतो.

या नदीची एक दंतकथा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन फौज इथवर आली. पुराणातली विस्मरणाची नदी ती हीच, पाण्यात पाय घातला की घरदार, देश सगळं विसरायला होतं, अशी सैनिकांची समजूत झाली आणि कुणी पुढे पाऊल टाकेना. तेव्हा सेनापती देसिमुस जुनिउस ब्रुटुस एकटाच पलीकडे गेला आणि तिथून एकेका सैनिकाला नावानं हाका मारू लागला. नावं त्याला आठवतायत म्हटल्यावर फौज उतरली. आज एका तीरावर सैनिकांचे पुतळे आहेत आणि समोरच्या तीरावर घोड्यावर बसलेला सेनापती. मुलं बरोबर असतील तर आधी गोष्ट सांगा आणि मग त्यांना तिथं न्या.

गावाला सनद मिळाली 1125 मध्ये, पहिल्या राजाची आई दोना तेरेझा हिच्याकडून. पोर्तुगाल नावाचं राज्य तेव्हा अजून व्हायचं होतं. त्या सनदेत इथल्या बाजाराचा उल्लेख आहे, आणि बाजार अजून भरतो, एका सोमवाराआड, नदीच्या वाळवंटात. कपडे, विळे-कुदळी, मातीची भांडी, कोंबडीची पिल्लं असं सगळं तिथं मिळतं. मी एका आजीबाईंसमोर बराच वेळ उभी होते. ओल्या कागदात मुळं गुंडाळून त्यांनी रोपांच्या जुड्या मांडल्या होत्या. काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘कोव्ह’. आपला कोबी तो हाच शब्द. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेलं हे शब्दही पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले. बाजारात कान उघडे ठेवलेत तर भाषा येत नसूनही अधूनमधून ओळखीचं काही कानावर पडेल.

आता द्राक्षांकडे. हा सगळा मिन्यू प्रांत ‘व्हिन्यु व्हेर्द’ या वाइनचा आहे. 1908 मध्ये त्याची हद्द कायद्यानं आखली गेली. व्हेर्द म्हणजे हिरवा. पण वाइन हिरवी नसते, ती ताजी, कोवळी असते. वर्षानुवर्षं मुरवायची नाही, लवकर प्यायची. लिमाच्या खोऱ्यात लौरेरू जातीचं पांढरं द्राक्ष होतं आणि त्याच्या वाइनला फुलांचा मंद वास असतो.

नाशिक-तासगावच्या मंडळींनी तर इथल्या बागा बघायलाच हव्यात. जुन्या पद्धतीत वेल जमिनीलगत ठेवत नसत. ग्रॅनाइटचे खांब रोवून त्यावर मांडव घालत, नाहीतर वेल सरळ झाडावर चढवत. शेतं लहान, माणसं पुष्कळ. अमेरिकेतून मका आला तेव्हा जमीन मक्याला दिली आणि द्राक्षं बांधावर, डोक्याच्या वर गेली. इथं पाऊसही भरपूर, त्यामुळे घड ओल्या जमिनीपासून वर राहिलेला बरा. तोडणी मग शिडीवर चढून करायची. आता बहुतेक बागा तारांवर आल्यात, तरी गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर पायी गेलात तर बांधावरचे जुने मांडव अजून दिसतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तिथं जे दिसेल ते कुठलाही गाइड दाखवू शकणार नाही. म्हणून सांगते, बाग आधी बघा, वाइन मागाहून.

तळघर बघायचं तर आधी कळवून वेळ ठरवा. अचानक दारात उभं राहू नका, लहान बागायतदाराच्या घरी दुसरा माणूस नसतो. आपण घेत नसलो तर तसं सरळ सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. चव घेऊन शेजारच्या भांड्यात टाकून द्यायची तिथं रीतच आहे. मी गेले त्या घरच्या यजमानांनी लाकडी पिंपावर थाप मारून सांगितलं, ‘पीपा’. आमच्या घरी पाणी भरायचं ते पिंप, त्याचंही मूळ हेच. मग त्यांनी व्हिन्यांव नावाची तांबडी वाइन ओतली, पेल्यात नाही, पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात. रंग जांभळासारखा, वर फेस. वाडगा कलता करून त्यांनी दाखवलं: आत जांभळा ओघळ चिकटून राहिला होता. ‘असा राहिला तर ती खरी,’ ते म्हणाले. चव तुरट-आंबट होती. मला फारशी आवडली नाही, पण तो वाडगा विसरणार नाही.

वाइन घेणार असाल तर गाडी चालवू नका. रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमची मर्यादा आहे आणि रस्ते वळणांचे आहेत.

जेवणाचं थोडं सांभाळा. बसताच पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर परत न्यायला सांगा, कुणाला गैर वाटत नाही. एक डिश दोघांना पुरते, म्हणून ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धी, मागा. गावाचा नावाजलेला सारराबुल्यु भात डुकराच्या रक्तात शिजवलेला असतो, हे मागवण्याआधी माहीत असू द्या. बटाटा आणि कोबीच्या पानांचं काल्दु व्हेर्द हे सूप उत्तम, पण त्यातही सॉसेजची चकती असते. शाकाहारी मंडळींनी ‘सें कार्न’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगावं.

एक दिवस नदीच्या वरच्या अंगाला सुआजूला जा. मका साठवायची दगडी कोठारं तिथं एका खडकावर घोळक्यानं उभी आहेत. उंदीर चढू नयेत म्हणून दगडी पायांवर चपटे दगड बसवलेत. आपल्या कणगीची आठवण येते.

काही जण विचारतात, ज्यांच्याकडून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, ज्यांच्याशी गोव्यासाठी 1961 पर्यंत झगडावं लागलं, त्यांच्या देशात कौतुकानं का जायचं? प्रश्न रास्त आहे आणि तो इतिहास विसरून जाऊ नये असंच माझंही मत आहे. पण गोव्यातल्या सत्याग्रहींना हुकूमशहा सालाझारच्या ज्या राजवटीनं तुरुंगात डांबलं, तिच्याच टाचेखाली मिन्यूचा शेतकरी 25 एप्रिल 1974 पर्यंत होता. हजारो लोक इथून मजुरीसाठी फ्रान्सला गेले. गावातल्या म्हाताऱ्यांशी बोललात तर हे ऐकायला मिळेल.

द्राक्षतोडणी सप्टेंबरात असते आणि गावची मोठी जत्राही त्याच महिन्यात, तेव्हा राहायची सोय फार आधी करा. छत्री कुठल्याही महिन्यात लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. आणि तिकीट काढण्याआधी एवढं बघून घ्या, की तुमच्या तीन दिवसांतला सोमवार बाजाराचा आहे ना.