टोकनची हुंडी

व्यापारी घरांत हुंडी हा शब्द आता क्वचितच कानी पडतो. मात्र तिच्यामागचा नियम कोणी विसरलेले नाही. रक्कम आधी घेतली असेल, तर कागद समोर येताच तो सकारावा लागतो. अमेरिकेतील टोलनाक्यांवर पुष्कळ वर्षे चाललेले धातूचे टोकन ही मुळात अशीच एक हुंडी होती. वाहनचालक आज पैसे देई, आणि शासन त्याला पुढे कधीतरी रस्ता देण्याचे वचन देई.

न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे वस्तूंवर विक्रीकर नाही. त्यामुळे शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधील गिऱ्हाईक सीमा ओलांडून खरेदीस येते. पाव डॉलर दर्शनी किमतीचे टोकन तेथे निम्म्या किमतीस मिळे. टोकनांची गुंडाळी घेऊन मोटारीच्या कप्प्यात ठेवावी आणि नाक्यावरील टोपलीत हवी तितकी टाकावी, एवढाच व्यवहार. मूठभर टोकने मुलाला द्या, नोकराला द्या, घरी आलेल्या पाहुण्याला द्या. टोपली कोणाचे नाव विचारीत नसे.

2005 च्या उन्हाळ्यात तेथे ई-झेड पास आला. काचेवर एक लहानशी डबी, आणि तिच्या मागे आगाऊ रक्कम भरलेले खाते. थांबणे नको, सुटे पैसे शोधणे नको, रांगेतला धूर नको. नाणी मोजण्याचा आणि वाहून नेण्याचा शासनाचा खर्चही वाचला. हे लाभ खरेच होते. परंतु टोकनवर 50 टक्के असलेली सवलत पासवर 30 टक्के झाली, आणि तीही त्याच राज्यात खाते असणाऱ्याला. शंभर डॉलरच्या टोलासाठी नियमित प्रवाशाला पूर्वी 50 डॉलर पुरत, ते आता 70 लागू लागले. नाक्यावरील फलकावरचा दर तसूभरही न हलता खर्च 40 टक्क्यांनी वाढला. पूर्वी सवलत नाण्यासोबत हातोहात फिरत असे. आता ती खात्याला बांधली गेली.

त्याहून बोचणारी गोष्ट मुदतीची. सप्टेंबर 2005 मध्ये टोकनविक्री थांबली आणि 2006 उजाडताच नाक्यावर टोकन घेणेही बंद झाले. जेमतेम चार महिने! वर्षातून एकदा उन्हाळ्यात येणाऱ्या कुटुंबाच्या कप्प्यातील गुंडाळी, पैसे मोजून घेतलेली असूनही, पुढच्या फेरीत निरुपयोगी ठरली. न्यू जर्सीतील गार्डन स्टेट पार्कवेने हेच काम वेगळ्या रीतीने केले. तेथे विक्री 1 जानेवारी 2002 पासून बंद झाली, पण टोकन सकारणे थांबले ते 1 जानेवारी 2009 रोजी. सात वर्षे! नवा पास दोन्हीकडे तोच. मात्र जुने देणे चुकते करण्याची रीत किती भिन्न!

भारतात मोटारचालकांनी राष्ट्रीय महामार्गावर टोकनचा टप्पा पाहिला नाही. पावतीवरून ते थेट फास्टॅगवर आले. 16 फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला आणि टॅगविना रोख भरणाऱ्यास दुप्पट टोल लागू झाला. मालवाहतुकीचा धंदा असलेल्या घरांना त्याचा एक उपयोग तत्काळ कळला. चालकाने आणलेल्या चुरगळलेल्या पावत्या आणि वाटखर्चीचा हिशेब यांवरून मेहताजींशी होणारी कुरबूर मिटली, कारण प्रत्येक नाक्याची वेळेसह नोंद बँकेकडूनच येऊ लागली.

पण आगाऊ पैशाचा प्रश्न येथेही आहेच, फक्त तो दिसत नाही. टोकन कप्प्यात खुळखुळून आपली आठवण देत असे. टॅगमधील शिल्लक मुकी असते. जुनी गाडी विकताना विमा आणि नोंदणीची कागदपत्रे काळजीने बदलली जातात, मात्र टॅग काचेवर तसाच राहतो. मग नव्या मालकाचा टोल जुन्या मालकाच्या खात्यातून कापला जातो. काहीजण टॅग खरवडून काढतात आणि काम झाले असे समजतात; तेवढ्याने खाते बंद होत नाही. टॅग देणाऱ्या बँकेला कळवून तो रीतसर बंद केला, म्हणजे भरलेली अनामत आणि उरलेली शिल्लक परत मागता येते. पेढीच्या वहीत ही रक्कम बहुधा खर्च म्हणून लिहून टाकलेली असते. वास्तविक तिची जागा येण्याच्या बाजूला आहे.