पंधरा दिवसांचे पाहुणे आणि वर्षभराचे मास्तर



युरोप-अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी सुटीत नेपाळ, केनिया, टांझानिया अशा देशांतल्या खेड्यांत जातात. तिथल्या शाळेच्या भिंती रंगवतात, संडास बांधायला हात लावतात, पंधरा-वीस दिवस मुलांना इंग्रजी शिकवतात आणि फोटो काढून परत जातात. हेतू चांगलाच असतो, पदरमोडही असते. पण गावकऱ्यानं विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाहुणे गेल्यावर शाळेत काय उरलं?

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर नेपाळनंच एकेकाळी दिलं होतं, आणि तेही स्वतःच्या मुलांकडून. १९७१ च्या नव्या शिक्षण योजनेतून तिथं राष्ट्रीय विकास सेवा निघाली आणि १९७४ पासून ती सुरू झाली. त्रिभुवन विद्यापीठात एम. ए., एम. एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी हवी असेल तर एक वर्ष खेड्यात काढावं लागे. त्या काळी डोंगराळ भागातल्या कितीतरी गावांना रस्ताच नव्हता. काठमांडूत वाढलेली पोरं-पोरी पाठीवर सामान घेऊन पायवाटेनं गावात पोचत आणि तिथंच राहत. दिवसाचा काही वेळ शाळेत इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवायचं, कारण डोंगरातल्या शाळांना याच विषयांचे मास्तर मिळत नसत. उरलेल्या वेळात पिण्याचं पाणी, संडास, रोपवाटिका, प्रौढांचा साक्षरता वर्ग अशी कामं करायची.

आपण म्हणाल, ही तर सक्ती झाली, सेवा कसली? खरं आहे. पण सक्तीतूनही एक गोष्ट साधली, ती म्हणजे मुक्काम. वर्षभर राहणारा माणूस पेरणी पाहतो, काढणी पाहतो. कोणत्या महिन्यात मुलं शाळा सोडून गुरांमागं जातात, पाणी आणायला बाया किती चढ चढतात, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पंधरा दिवसांत गावातल्या माणसांची नावंही पाठ होत नाहीत. अमेरिकेचे पीस कोअरवाले १९६२ पासून नेपाळात शिकवायला येऊ लागले, तेही आधी नेपाळी भाषा शिकत आणि दोन-दोन वर्षं राहत. पी हळद अन् हो गोरी, असं खेड्यातलं काम होत नसतं.

१९७९ मध्ये नेपाळात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, १९८० मध्ये सार्वमत झालं आणि त्याच धामधुमीत ही सेवा गुंडाळली गेली. गावोगाव बसलेले शिकलेले तरुण राज्यकर्त्यांना अडचणीचे वाटू लागले होते. सेवा थांबली, तसा त्या वर्गांना मिळणारा मास्तरही थांबला. यात आपल्यासाठी दुसरा धडा आहे. बाहेरून आलेला माणूस कितीही चांगला असो, त्याचं काम हाती घेणारा गावातला माणूस तयार झाला नाही, तर काम त्याच्याबरोबरच गाव सोडतं.

आता आपल्याकडं पाहा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिचं सात दिवसांचं शिबिर आपल्या गावातही होत असेल. कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या कार्यानुभवासाठी येतात, शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया दाखवतात. मुलं मनापासून करतात. पण जुलैत शाळेभोवती लावलेली रोपं मे महिन्यात पाहायला जा. शाळेला सुटी, पाणी घालायला कुणी नाही, आणि उरतात त्या नुसत्या काड्या. दोष पोरांचा नाही. ती परीक्षेला गेली. रोपाला पाणी कोण घालणार, हे लावायच्या दिवशी आपणच ठरवलं नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. विद्यार्थी येणार असं कळलं की हार-नारळ आणण्याआधी चार गोष्टी करा.

एक, काम गावानं ठरवावं. शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत विषय घ्या, नाहीतर कॉलेजला सोपं पडेल तेच काम होईल.

दोन, कॉलेजकडून लिहून घ्या की पुढची तीन-चार वर्षं त्यांची तुकडी याच शाळेत येईल. दरवर्षी नवं गाव घेतलं की एकाही गावाचं काम तडीस जात नाही.

तीन, प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर गावातला एक तरुण किंवा बचत गटातली एक ताई जोडून द्या. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, बंधाऱ्याच्या पोत्यांचे थर कसे रचायचे, हे तिच्या हाताला आलं पाहिजे.

चार, जाताना वहीत नोंद करून घ्या. काय केलं, काय राहिलं, दुरुस्ती कोण करणार, खर्च कुठून, आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार.

पाहुण्याचा पाहुणचार जरूर करा, ती आपली रीतच आहे. पण विद्यार्थ्याकडून रंगवलेली भिंत मागू नका. तो परत गेल्यावरही ते काम करू शकेल असा आपल्या गावातला एक माणूस त्याच्याकडून तयार करून घ्या. येत्या शिबिराचं पत्र ग्रामपंचायतीत येईल, तेव्हा ही वही आधी उघडा.