भवानी तलवार पाठ आहे, भवानी देवी माहीत नाही

स्पष्टच बोलतो. राग आला तर येऊ द्या.

आपल्या वसई-विरारमध्ये तलवारीचं प्रेम काही कमी नाही. मिरवणुकीत तलवार, सत्कारात तलवार, वाढदिवसाच्या बॅनरवर तलवार. मे महिना आला की १७३९ आठवतं, चिमाजी आप्पा आठवतात, किल्ल्यात गर्दी होते. व्हायलाच पाहिजे. पण एक प्रश्न विचारतो, गूगल न करता उत्तर द्या. हातात तलवार घेऊन ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला भारतीय खेळाडू कोण?

नाही ना आठवत? तिचं नाव भवानी आहे. आणि ती 'तो' नाही, 'ती' आहे.

चेन्नईची भवानी देवी. २६ जुलै २०२१ ला टोकियोत ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला तिने १५-३ असं हरवलं. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मॅनन ब्रुनेकडून ७-१५ हरली. तलवारबाजी १८९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांत आपल्या देशाचा पहिला प्रवेश आणि पहिला विजय, दोन्ही या मुलीचे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. त्या दिवशी मी डेस्कवर होतो. बातमी आतल्या पानावर टाकली आणि मथळा दिला: 'भवानी पराभूत'. संपला विषय. नंतर कळलं की तिने स्वतःच ट्विटरवर देशाची माफी मागितली होती. माफी! खरं तर ती आपण मागायला हवी होती. मी तर नक्कीच.

आता तिची गोष्ट ऐका, कारण यातच आपल्या गावाचं दुखणं आहे.

२००४ साली शाळेत खेळ निवडायचा होता. बाकीच्या खेळांच्या जागा भरलेल्या, उरली फक्त तलवारबाजी. वडील पुजारी, आई गृहिणी, पाच भावंडं. खेळ महागडा, म्हणून वडिलांचं उत्पन्न किती ते विचारलं. पोरीने उत्पन्न वाढवून सांगितलं, नाहीतर प्रवेश मिळाला नसता! सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांवर. खऱ्या तलवारी फक्त स्पर्धेपुरत्या, कारण त्या बाहेरून मागवाव्या लागतात आणि मोडल्या तर नवीन कुठून आणणार? आईने दागिने गहाण ठेवले.

२००७ मध्ये तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तीन मिनिटं उशीर झाला, पंचांनी काळं कार्ड दाखवलं, थेट बाद. शाळकरी वय होतं हो! आपल्याकडे तेवढ्यावर घरचे म्हणाले असते, "पुरे झालं, आता दहावीचं बघ."

ती थांबली नाही. दहावीनंतर केरळात थलासेरीच्या साई केंद्रात गेली. तिथे प्रशिक्षक सागर लागू. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? मग इटलीत निकोला झानोट्टींकडे सराव. रिओची संधी हुकली, टोकियोची साधली. आणि जून २०२३ मध्ये चीनमधल्या वूशीला आशियाई स्पर्धेत तिने जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुराला १५-१० हरवून कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. तेव्हा आपल्या किती व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरला? माझ्याकडे एकही आला नाही.

मुद्दा हा आहे. भवानी जिद्दी आहेच, पण नुसत्या जिद्दीने ती टोकियोला पोचली नाही. शाळेत हा खेळ होता म्हणून पोचली. शिकवणारा माणूस होता, पुढे सरकारी केंद्र होतं. या तीन पायऱ्या नसत्या तर ती आज आणखी एक हुशार मुलगी असती, जिला कधी कळलंच नसतं की आपल्याला काय येतं.

अशा किती मुली रोज विरार लोकलला लटकून जातात, मोजलंय कुणी?

कुणी म्हणेल, "पाण्याची बोंब, रस्त्यात खड्डे, आणि याला तलवारबाजी सुचते." दादा, पाणी आणि खड्डे यांवर मी वीस वर्षं लिहितोय, पुढेही लिहीन. पण म्हणून पोरांनी खेळायचंच नाही? आणि जागेचं कारण तर सांगूच नका. या खेळाची पट्टी १४ मीटर लांब आणि जास्तीत जास्त दोन मीटर रुंद. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसते तेवढ्यात दोन पट्ट्या मावतील. जागा नाही असं नाही, ती राखायची इच्छा नाही. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या भूखंडावर ४१ इमारती उभ्या राहिल्या, पडल्या, आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. जिथे सांडपाण्याची जागा वाचत नाही, तिथे खेळाची कोण वाचवणार?

आपण पालकही कमी नाही. एका शालेय स्पर्धेत मी उभा होतो. शेजारच्या वडिलांनी सरांना एकच विचारलं, "यातून दहावीला वाढीव मार्क मिळतील ना?" मार्क मिळाले की खेळ बंद. मुलगी चांगली खेळत होती हो. पुढच्या वर्षी दिसली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. स्टेडियम नको, पुतळा नको, कोनशिला तर अजिबात नको. महापालिकेने एक हॉल वर्षभर खेळासाठी राखावा, लग्नाला न देता. एक पगारी प्रशिक्षक नेमावा. आणि साहित्य मुलांना वापरायला द्यावं, कपाटात कुलूप लावून ठेवायला नाही. येत्या अर्थसंकल्पात ही तरतूद दिसते का ते मी बघणार आहे. दिसली तर कौतुकाची पोस्ट लिहीन, शब्द देतो.

आणि नगरसेवक मत मागायला दारात आले की तुम्हीही विचारा, "साहेब, सत्काराला तलवार आणता, ती चालवायला शिकवणारा कधी आणणार?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी इथेच आहे.