पाचव्या क्रमांकाचे मोल

नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ साली पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज धरला, तेव्हा अभिनंदनाचा वर्षाव झाला. पुढे गोळाफेकीत त्या पाचव्या आल्या. २०२१ साली टोकिओत त्या सातव्या होत्या. या प्रगतीची दखल कितीजणांनी घेतली?

गुणांच्या ‘पॅटर्न’साठी गाजलेल्या लातुरात मैदानाकडे वळलेल्या महाविद्यालयीन तरुणाला आधीच घरी उत्तर द्यावे लागते. आता एका पराभवाबद्दल समाजमाध्यमांवरील अनोळखी परीक्षकही त्याला जाब विचारतात. घामाचा हिशेब ज्यांनी पाहिला नाही, त्यांना हा अधिकार कोणी दिला? वृत्तपत्रांनी पदकांबरोबर प्रगतीही छापावी आणि महाविद्यालयांनी प्रशिक्षकाच्या जोडीला समुपदेशक नेमावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा.