मदत गरजेला की नोंदीला?

संकटकाळात सरकार गरिबांच्या खात्यात पैसे जमा करते, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण ते पैसे गरजेला मिळतात की नोंदीला मिळतात, हा आमचा सवाल आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २६ मार्चला केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. महिलांच्या जनधन खात्यांवर तीन महिने दरमहा ५०० रुपये आले. म्हणजे दिवसाला १७ रुपयेसुद्धा नाहीत! वीस कोटींहून अधिक महिलांना ही रक्कम मिळाली, हे खरे. पण निकष काय होता? पोटाची भूक नव्हे, बुडालेली मजुरी नव्हे. खाते जनधनचे आहे की नाही, एवढेच. जिचे साधे बचत खाते होते, ती धुणीभांडी करणारी बाई यादीबाहेर राहिली. पात्र महिलांना खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार तारखा दिल्या गेल्या. गर्दी टाळण्यासाठी ते योग्यच होते. पण वाहने बंद असताना बँकेपर्यंत पोहोचायचे कसे, याचे उत्तर त्या वेळापत्रकात नव्हते.

महाराष्ट्रात बांधकाम कामगारांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये २ हजार रुपये जाहीर झाले. पण ते नोंदीत कामगारांनाच. तेव्हाच्या १९९६ च्या कायद्यानुसार नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागत होते. नाक्यावर उभा राहणारा मजूर आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याच्या ९० दिवसांचा दाखला कोण देणार? ज्या ठेकेदाराला स्वतःची जबाबदारीच टाळायची आहे, तो सही कशाला करील? २०२१ मध्ये राज्याने १५०० रुपये जाहीर केले, तेव्हाही तेच झाले. परवानाधारक रिक्षाचालक पात्र. दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवणारा अपात्र. अधिकृत फेरीवाला पात्र. ज्याला नगरपालिकेने कधी अधिकृत केलेच नाही, तो अपात्र!

नोंद नसेल तर पैसे भलत्याच्याच खिशात जातील, असे अधिकारी सांगतात. त्यात तथ्य आहे. मग नोंद करण्याची जबाबदारी कोणाची? मतदार यादीसाठी सरकारी माणूस झोपडीच्या दारापर्यंत येतो, तर नोंदणीसाठी पहाटेच्या नाक्यावर का येऊ शकत नाही? शिवाय बांधकाम मंडळाचा पैसा ही कोणाची मेहेरबानी नाही. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर लावून तो कामगारांसाठीच गोळा केलेला आहे. कामगाराच्या नावाने जमवायचा आणि कामगारालाच कागद नाही म्हणून परत पाठवायचे, हा कुठला न्याय?

आमची मागणी साधी आहे. संकटकाळात आधी मदत द्यावी, कागदांची पूर्तता नंतर करून घ्यावी. ज्याचा अर्ज नाकारला, त्याला कारण लेखी कळवावे.

पण नुसती मागणी करून आम्ही थांबता कामा नये. पुढचे संकट सांगून येणार नाही. कार्यकर्त्यांनी आजच वस्तीची वही करावी: कोणाचे खाते बंद पडले, कोणाच्या आधारवर नाव चुकले, कोणाच्या नोंदणीचे नूतनीकरण राहिले. माहितीच्या अधिकाराखाली विचारावे, तालुक्यात किती अर्ज आले, किती नाकारले आणि का? मोर्चे आम्ही काढतोच. त्याच निर्धाराने अर्जही भरले पाहिजेत. यादीत नाव नसलेल्या माणसाची भूक सरकारला दिसत नाही. ती दाखवून देणे हे आपले काम आहे.