खाडीकांठची मारांडी

कोंकणांतील खाडीच्या बांधावरून जातांना चिखलांत पाय रोवून उभें असलेलें एक कांटेरी झुडूप दृष्टीस पडतें. त्यास मारांडी म्हणतात. आपला अडुळसा व कोरांटी यांच्याच कुळांतलें हें झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडीं त्यास निळसर जांभळीं फुलें येतात; फुलाला वरचा ओठ मुळींच नसतो, खालचा तेवढा जिभेसारखा पुढें आलेला असतो. परंतु तें पाहण्यास थबकणारा वाटसरू विरळाच!

खाडीकांठच्या वस्त्यांत बागेची हौस आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण ती भागविण्याची तऱ्हा पाहा. गाड्या भरून लाल माती आणावयाची, आणि वैशाखांत विहिरींनीं तळ गांठला असतां गुलाबांना पिण्याचें पाणी घालावयाचें! आम्हीं स्वतः हा उद्योग केलेला आहे. चार वर्षांत अकरा कलमें खाऱ्या वाऱ्यानें करपलीं.

मारांडीला यांतलें कांहींच नको. अंगांतलें जास्तीचें मीठ ती पानांवरील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर टाकते. उन्हांत पान निरखल्यास मिठाचे कण चमकतांना दिसतात. (विद्यार्थिमित्रांस शंका असल्यास त्यांनीं जीभ लावून पाहावी, मात्र कांटे सांभाळून.) शिवाय मुळांनीं ती बांधाची माती धरून ठेवते. लागवडीसाठीं बोंडें तडकून बिया उडण्यापूर्वीं त्या गोळा कराव्या, किंवा फांदीचा तुकडा ओल्या चिखलांत रोवावा. जागा मात्र भरतीचें पाणी पोहोंचेल अशीच हवी. रानांतलीं रोपें उपटून आणूं नयेत. आणि ओहोटीनंतर जेथें पक्षी किडे वेचतात तो मोकळा चिखल त्यांनाच राहूं द्यावा.

कोणी म्हणतील, कांट्यांची बाग ती कसली? ग्रीक शिल्पकारांनीं कोरिंथी स्तंभांच्या माथ्यावर जीं पानें कोरलीं, तीं हिच्याच एका बहिणीचीं आहेत. त्यांना कांट्यांचा विटाळ झाला नाहीं.

मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यांतील कांदळवनाची तोड निषिद्ध ठरविली, आणि २०२० सालीं पांढऱ्या चिप्पीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. पण मान वृक्षाचा. झुडपाला कोण विचारतो? घर बांधून उरलेला राडारोडा अजूनहि मारांडीच्याच डोक्यावर पडतो, कारण तें "निरुपयोगी रान"! जें झुडूप आपण हातानें लावलें, त्यावर टोपली रिकामी करण्यास मन सहसा धजत नाहीं. म्हणून ज्या पालकांचा बांध खाडीला लागून आहे, त्यांनीं त्याचा एक कोपरा तरी मारांडीस द्यावा. गुलाबाच्या कुंड्या ओसरीवर राहिल्या तरी आमची हरकत नाहीं.