शेतकऱ्याच्या पोरांना खेळ कशाला?

“आमचीं पोरें शेतांत राबतात, त्यांना कवाईत कशाला?” असा सवाल कुहीकडे पालक करतात, कित्येक गुरुजीही खेळाचा तास गणिताला देऊन मोकळे होतात. बांधवहो, मिरची तोडून पाठ वाकते. व्यायामानें ती सरळ होते. सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस ऑलिंपिकमध्यें कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें, तें नुसत्या राबण्यानें नव्हे, तालमींत डावपेंच शिकून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुलें असतील तेथें शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक नेमावयास सांगितलें आहे. आपल्या शाळेंत तो आहे काय, हें शाळा व्यवस्थापन समितींत विचारा. मुलींसही मैदानाबाहेर बसवूं नका. मागितल्यावांचून हक्क पदरांत पडत नाहीं!